पहिल्या घासापासून दोन तास

गेल्या होळीला पुरणपोळीच्या जेवणानंतर तासाभराने मी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर तपासली, तेव्हा आकडा २१२ आला. धसकून साबणाने हात धुतले, नीट पुसले आणि दुसऱ्या बोटातून पुन्हा थेंब काढला. या वेळी १५८. पहिल्या बोटाला पुरणाचा गूळ चिकटलेला होता आणि यंत्राने तोही रक्तातली साखर समजून मोजला होता.

तरीही मला नवल वाटते ते या १५८ चेच. निरोगी प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा ग्लुकोज असते, आणि साध्या वरण-भात-पोळीच्या जेवणातूनही त्याच्या दहापट सहज पोटात जाते. ते सगळे एकदम रक्तात साचले असते, तर आकडा हजाराच्या घरात गेला असता. तसे होत नाही, कारण पचन टप्प्याटप्प्याने चालते, आणि आतड्यात ग्लुकोज पोहोचताच तिथून निघणारी संप्रेरके स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याची आगाऊ सूचना देतात. म्हणूनच तोंडाने घेतलेल्या ग्लुकोजला इन्सुलिनचा जो प्रतिसाद मिळतो, तो शिरेतून सलाइनवाटे ग्लुकोज देऊन रक्तातली पातळी तेवढीच चढवली तरी मिळत नाही. इन्सुलिन वाढले की यकृत स्वतःची साखर रक्तात सोडणे आवरते घेते, उलट आलेल्या साखरेतला काही वाटा साठवू लागते, आणि स्नायूंच्या पेशी आपली दारे उघडतात.

‘गूळ चालतो हो, साखर नको’ हे आमच्याकडे प्रत्येक पंगतीत ऐकू येते आणि ते मला मुळीच पटत नाही. गूळ म्हणजे बव्हंशी उसाची साखरच. तिचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जाते आणि ग्लुकोमीटरला दिसत नाही, त्यामुळे आकडा बेताचा आला म्हणजे पुरणपोळी निर्दोष ठरली, असे नव्हे. मात्र पुरणातली हरभऱ्याची डाळ सावकाश पचते आणि वरच्या तुपामुळे जठर हळूहळू रिकामे होते, हेही खरे. तापातून उठल्यावर खाल्लेल्या गुरगुट्या भाताने, ज्यात गोडाचा कणही नव्हता, माझा आकडा १७४ वर नेला होता. अर्थात त्यात आजारपणाचाही हात असणार.

तेव्हापासून मी ताटातली कोशिंबीर आणि उसळ आधी संपवतो, भात शेवटी घेतो आणि जेवून उठल्यावर पंधरा मिनिटे चालतो, कारण आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेतात.

वेळ मोजण्यात मात्र आईशी माझा वाद आहे. जेवणानंतरच्या तपासणीचे दोन तास पहिल्या घासापासून धरायचे असतात. ती आंचवल्यापासून धरते. सणाच्या दिवशी आमची पंगत पाऊण तास चालते, त्यामुळे तिची तपासणी तेवढी उशिरा होते आणि साखर उतरायला तेवढाच जास्त अवधी मिळतो. दोन तासांनी आकडा १४० च्या आत हवा, हे तिला पाठ आहे. त्या होळीला माझ्या हिशेबाने दोन तासांनी माझा आकडा १२६ आला, आणि तिने अजून बोटही टोचले नव्हते.