डोक्याला बांधलेला रुमाल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, त्या मॅचचा दुसरा हाफ मला आठवत नाही.

प्रश्न बहुतेक वेळा कोल्हापूरच्या गांधी मैदानाच्या कडेला येतो, पोरांचा सराव चालू असताना. कधी चहाच्या गाड्यावर, कधी लग्नाच्या पंगतीत. "सर, डोकं फुटलं तरी रुमाल बांधून खेळलासा म्हणत्यात. आत्ताची पोरं वारं लागलं तरी आडवी हुत्यात. टीव्हीवर बघा की, कोटी कोटी घेत्यात आणि गुडघा धरून लोळत्यात. फुटबॉल एवढा मऊ कशानं झाला वो? आणि आता परत रांगडा व्हायलाय म्हणत्यात, ते खरं हाय काय?" उभ्या उभ्या मी काहीतरी बोलून सुटका करून घेतो. आज बसून लिहितोय.

आधी रुमालाचं. साल १९९२, शाहू स्टेडियम, दोन पेठांची मॅच. कुठल्या दोन ते लिहीत नाही, अजून त्यावरून वाद होतील. मी बॅक, म्हणजे गोल वाचवायला मागे खेळणारा. हवेतल्या बॉलला दोघं एकदम उडालो, त्याचं कपाळ माझ्या भुवईवर आलं. मला मैदानाबाहेर आणलं, कुणीतरी हळद दाबली (स्टेडियमवर हळद कुठून आली हे आजवर कळलेलं नाही), प्रेक्षकांतल्या कुणाचा तरी रुमाल करकचून बांधला आणि परत आत ढकललं. बाकावर बदली खेळाडू होता. पण 'खेळतोस का?' असं विचारायची पद्धतच नव्हती.

लोक सांगतात, शेवटच्या पाच मिनिटांत मी गोललाइनवरून डोक्यानं बॉल बाहेर काढला. म्हणे रुमाल सुटून खाली पडला, तो उचलून मी दाताखाली धरला आणि कॉर्नरला उभा राहिलो. म्हणे खांद्यावर घेऊन मला पेठेत आणलं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती मला दिसते, पण ती ऐकून दिसते. मला स्वतःला आठवतो तो हळदीचा वास, आणि त्यानंतर एकदम आमची न्हाणी. आई पाण्यानं माझं तोंड धूत होती आणि मी तिला विचारत होतो, "मॅच कवा हाय?" तिनं सांगितलं, झाली, जिंकलासा. जरा वेळानं मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती रडायला लागली. रात्री ओकलो. घरात पित्त ठरलं, कोकम सरबत झालं. चौथ्या दिवशी मी सरावाला होतो.

तेव्हा जगभर असंच होतं, त्यामुळे आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वस्तादांनी आम्हाला भारताच्या जर्नैलसिंगची गोष्ट सांगून सांगून पाठ करून टाकली होती. १९६२ ची जकार्ताची आशियाई स्पर्धा, डोक्याला टाके. एरवी तो बॅक, पण जखमेमुळे त्याला पुढे फॉरवर्डला खेळवला, आणि फायनलला त्यानं गोल मारला. भारत २, दक्षिण कोरिया १, सुवर्णपदक. तिकडे इंग्लंडात १९५६ च्या एफए कपच्या फायनलला मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत खेळला. मोडलंय हे काही दिवसांनी एक्स-रेत कळलं. बदली खेळाडूची सोयच नव्हती त्या काळी. १९८९ साली स्टॉकहोमला इंग्लंडचा बॅक टेरी बुचर कपाळाला पट्टी बांधून हेडिंग करत राहिला आणि त्याचा पांढरा शर्ट लालभडक झाला. तो फोटो आमच्या एका दोस्तानं मासिकातून कापून तालमीत हनुमानाच्या शेजारी चिकटवला होता. वस्तादांनी तो काढला, पण फेकला नाही. खिशात ठेवला.

पण ताकदीची ही एक बाजू झाली, सोसायची. दुसरी बाजू आमच्या गोष्टींत कुणी सांगत नाही, आणि मी तर त्याच बाजूचा कारागीर. आमच्याकडे बॅकला पहिली शिकवण असायची, "पयल्या दहा मिनिटांत दाखवून द्यायचं." म्हणजे समोरच्या फॉरवर्डच्या घोट्यावर एक जोरात. पहिल्याच फाउलला रेफ्री कार्ड काढत नाही, हे सगळ्यांना माहीत. त्यानंतर तो पोरगा बॉल घेताना अर्धं लक्ष तुमच्याकडे ठेवतो, आणि तुमचं काम झालं. मी हे कितीतरी जणांना केलंय. त्यातला एक उत्तम डावखुरा होता, दोन हंगामांनी त्यानं खेळणं सोडलं. माझ्यामुळे असं कुणी म्हणत नाही, तोही म्हणत नाही. रंकाळ्यावर फिरायला येतो. उतारावरून खाली येताना उजवा पाय जरा जपून टाकतो.

मोठ्या मैदानांवर हेच चालायचं, फक्त नावं मोठी होती. १९६६ च्या वर्ल्डकपला पेलेला आधी बल्गेरियानं आणि मग पोर्तुगालनं इतकं तुडवलं की तो लंगडत मैदानावर उभा होता आणि ब्राझील पहिल्याच फेरीत घरी गेलं. १९८३ साली बिल्बाओच्या गोइकोइचेयानं मागून येऊन मॅराडोनाचा घोटा मोडला. हॉलंडचा फॉरवर्ड व्हॅन बास्टन, त्याचा घोटा तर असा गेला की अठ्ठाविसाव्या वर्षानंतर तो माणूस एकही मोठी मॅच खेळू शकला नाही. फुटबॉल मऊ झाला म्हणणाऱ्यांना मी विचारतो, व्हॅन बास्टन आणखी पाच वर्षं बघायला मिळाला असता तर नको होता का तुम्हाला?

मऊ झाला तो हळूहळू, आणि ठरवून. १९६२ मध्ये सँटियागोला चिली आणि इटलीची जी मारामारी झाली तिचा रेफ्री होता केन ॲस्टन. पुढे याच माणसाला गाडी चालवताना सिग्नलचे दिवे बघून पिवळ्या-लाल कार्डाची कल्पना सुचली. १९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपला कार्डं आली, आणि गंमत म्हणजे त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघालं नाही. १९९८ पासून मागून येऊन पाय तोडणारा टॅकल म्हणजे थेट लाल. मग व्हीएआर आला, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला सांगणारी माणसं, २०१८ चा वर्ल्डकप त्याच्यासकट झाला. पूर्वी रेफ्रीच्या पाठीमागे कोपर मारता यायचं. आता रेफ्रीला पाठ आहे कुठे? एवढं सगळं झाल्यावर बार्सिलोनाच्या चावी-इनिएस्तासारखी बारकी माणसं मधल्या फळीत राज्य करू लागली, यात नवल नाही. ती आधीही जन्माला येत असणार, आमच्यासारखे लोक त्यांना टिकू देत नसत.

लोळण्याबद्दल मला कुणाची बाजू घ्यायची नाही. मलाही ते बघवत नाही. पण उभा राहिला तर रेफ्री फाउल देत नाही, पडला तर देतो, हा हिशेब खेळाडूनं केला तर दोष एकट्या खेळाडूचा कसा?

आणि मऊ कुणाला म्हणताय? २००६-०७ ते २०१२-१३ एवढ्याच काळात प्रीमियर लीगमधलं वेगानं पळण्याचं अंतर साधारण ३० टक्क्यांनी वाढलं, असं मोजून निघालंय. आम्ही सकाळी तालमीत जोर-बैठका मारून यायचो आणि मॅचला अर्धा वेळ उभे असायचो, खरं सांगायचं तर. आमची छाती मोठी होती. दम आताच्या पोरांत जास्त आहे.

आता रांगडेपणा परत येतोय का, याचं उत्तर. येतोय, पण कुठल्या दारानं ते बघा.

आमच्या गल्लीत एक जुने पैलवान आहेत, ऐंशीच्या घरातले. खासबागेत कुस्त्या केलेला माणूस. रात्री झोप येत नाही म्हणून माझ्याकडे इंग्लंडच्या मॅच बघायला येतात. बॉल त्यांना फारसा दिसत नाही, त्यामुळे ते माणसं बघतात. आर्सेनलचा कॉर्नर होता. गोलकीपरच्या भोवती सहा-सात जण, एकमेकांच्या कमरेला हात, खांद्याला खांदा, कोण कुणाला रेटतोय, कोण वाट अडवतोय. पैलवान खुर्चीत पुढे सरकले. "आरं, ही तर खडाखडी!"

मला ते एकदम पटलं. कुस्ती सुरू झाली की दोघं हाताला हात, मानेवर पंजा, एकमेकांचा जोर आजमावतात, ती खडाखडी. तिथं कुणी कुणाला मारत नाही. पण कच्चा असेल तो तिथंच कळतो. आर्सेनलनं निकोला जोव्हर नावाचा माणूस निव्वळ कॉर्नर आणि फ्री किक यांच्यासाठी ठेवलाय, आणि गॅब्रिएलसारखा बॅक त्याच्यावर गोल मारतोय. लांब थ्रो-इन २०२५-२६ च्या हंगामात इंग्लंडात नव्यानं बोकाळले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी स्टोक क्लबचा रोरी डेलॅप असा थ्रो टाकायचा तेव्हा पंडित नाक मुरडायचे. तो शाळेत भालाफेक करायचा म्हणे, तशीच फेक. टॉवेलनं बॉल पुसून टाकायचा. आता मोठमोठे क्लब तेच करतात आणि त्याला शास्त्र म्हणतात.

कारण साधं आहे. पास देणं आणि पुढे जाऊन समोरच्यावर दाब टाकणं सगळ्यांनाच यायला लागलं. गोलसमोरच्या बॉक्समध्ये वाट मिळेना. मग जिथं बॉल थांबलेला असतो आणि माणसं जागेवर लावता येतात तिथं जोर लावायचा. त्यात पाच बदली खेळाडूंचा नियम आल्यामुळे सत्तराव्या मिनिटाला ताजा, सहा फुटी गडी आत सोडता येतो. मँचेस्टर सिटीचा फॉरवर्ड हालांड तर ताजा असो की दमलेला, त्याला खांद्यानं हलवून दाखवा. म्हणजे ताकद परत आली आहे, पण ती रेटण्याची. घोट्यावर मारण्याची नव्हे. पैलवानांनी एक तक्रार मात्र केली. एकानं दुसऱ्याला मागून मिठी मारून खाली बसवलं आणि रेफ्री बघत राहिला. "ह्यो डाव टाकला त्येनं. शिट्टी कुठं हाय?" खरंय. आज दिली, उद्या नाही, असं चाललंय. तेवढं सुधारलं तर मला हा नवा रांगडेपणा मनापासून आवडेल.

रुमालाचा रांगडेपणा मात्र परत यावा असं मला वाटत नाही, आणि ते का, हे मी उभ्या उभ्या कधी सांगू शकलो नाही.

२०१४ च्या वर्ल्डकपची फायनल आम्ही पेठेत मोठ्या पडद्यावर बघितली, मध्यरात्री. अर्जेंटिनाचे झेंडे लावलेले निम्मे लोक, मीही त्यातलाच. सुरुवातीलाच जर्मनीच्या क्रामरला गारायचा खांदा तोंडावर बसला. पडला, उठला, खेळत राहिला. आमच्यात कुणीतरी म्हणालं, "ह्याला म्हणायचं गडी." थोड्या वेळानं त्याला धरून बाहेर नेलं. मागाहून बातमी आली की त्यानं रेफ्रीला जाऊन विचारलं होतं, ही फायनल आहे का? त्याला त्या मॅचमधलं काही आठवत नाही. पेपरात ते वाचलं आणि मला न्हाणीतली आई दिसली.

मग मी वाचायला लागलो. इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच क्लबचा जेफ ॲस्टल, हेडिंगसाठी प्रसिद्ध, २००२ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी गेला. चौकशीत निघालं की बॉल डोक्यावर घेऊन घेऊन मेंदू खराब झाला होता. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंची नोंद तपासली. मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट. दोन वर्षांनी त्यांनी जागेनुसार बघितलं. गोलकीपर सर्वसामान्य माणसांसारखेच. सगळ्यांत जास्त धोका बॅकना. ते वाचून मी मोबाइल उलटा ठेवला.

मी व्यावसायिक कधीच नव्हतो, आठवड्याला एक मॅच आणि चषकाच्या वेळी दोन. त्यामुळे फार काळजी करत नाही. किल्ल्या विसरतो, पण माझ्या वयाचे सगळेच विसरतात. तरी बायको मधूनच विचारते, "आज वार कुठला?" आणि मी चिडतो.

हाच प्रश्न परवा मी विचारला. सरावात दोघा पोरांची डोकी आपटली. एक उठला, दुसरा बसून राहिला, मग हसत हसत उठला. मी जवळ गेलो.

"आज वार कुठला रे?"

"रविवार, सर."

बुधवार होता. मी त्याला कडेला बसवलं, बूट काढायला लावले आणि माझ्या गाडीच्या डिकीत टाकले.

"खेळतो की सर. तुम्ही न्हाई खेळलासा व्हय, रुमाल बांधून?"

त्याच्या वडलांना बोलावलं. ते आले, पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. १९९२ ला ते स्टेडियमवर होते, बारा-तेरा वर्षांचे. "एवढ्याशानं काय हुतंय, सर," ते म्हणाले. "तुमचा त्यो रुमाल आमच्या काकाचा हुता. अजून घरात हाय." मी म्हटलं, आधी दवाखान्यात चला, रुमालाचं मग बघू.

डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितलेत. पोरगं रोज संध्याकाळी येतं, मैदानाच्या कडेला चपला घालून बसतं आणि अधूनमधून माझ्या डिकीकडे बघतं.