‘नाही’ हेच उत्तर मागणारा प्रश्न

आत्महत्या कशा रोखाव्यात, याच्या प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना जोडीने बसवून एकच वाक्य एकमेकांना विचारायला लावलं: "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?" एकोणीस वर्षं शिकवतेय, पण ते तोंडातून फुटेना. मी आपलं विचारलं, "तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" प्रशिक्षक म्हणाल्या, "यावर मूल ‘नाही’च म्हणणार. तुम्हाला तेच ऐकायचंय, हे त्याला कळतं."

विचारलं तर तो विचार आपणच मुलाच्या डोक्यात घालू, ही माझी भीती. त्यावर त्यांनी 2005 साली प्रसिद्ध झालेला न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांचा अभ्यास सांगितला. 2,342 विद्यार्थ्यांपैकी काहींना आत्महत्येबद्दल थेट विचारलं, काहींना नाही. विचारलेल्यांची अस्वस्थता वाढली नव्हती.

पुढे वेळ आलीच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलीचे मार्क कमी झाले नव्हते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण जिवापाड जपलेली रंगपेटी तिने मैत्रिणीला देऊन टाकली होती. रिकाम्या वर्गात ती दप्तराची चेन उघडत-मिटत बसली होती. मी विचारलं, त्याच शब्दांत. चेन थांबली. बऱ्याच वेळाने "हो" आलं, आणि लगेच, "कुणाला सांगणार नाही ना?"

मी "नाही" म्हणून बसले! हीच चूक करू नका, असं दहादा बजावलं होतं. मिनिटाभरात शब्द मागे घ्यावा लागला. "मी चुकले. हे माझ्यापाशीच ठेवता येणार नाही. पण कुणाला काय सांगायचं ते आपण दोघी ठरवू." ती चिडली, रडली, पण उठून गेली नाही. समुपदेशक येईपर्यंत मीही हलले नाही.

वडील आल्या आल्या म्हणाले, "लक्ष वेधून घ्यायला करतात हल्लीची मुलं." समुपदेशकांनी वाद घातला नाही. घरातली औषधं आणि जिवाला धोका होईल अशी प्रत्येक वस्तू आजच कुलपात ठेवा, एवढंच शांतपणे सांगितलं. ऊर्मी लाटेसारखी चढते आणि ओसरते; तेवढा वेळ हाताशी काही नसणं मोलाचं. डॉक्टरांची भेटही त्याच दिवशी ठरवली.

मग सुरक्षा योजना, म्हणजे तसे विचार पुन्हा आले तर काय करायचं, हे आधीच लिहून ठेवणं. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या या योजनेत धोक्याच्या खुणांपासून सुरुवात होते. मग स्वतःला सावरायचे उपाय, माणसं, हेल्पलाइन. सगळं मुलाच्याच शब्दांत. तिने पहिली खूण लिहिली: "मी मेसेज वाचते पण उत्तर देत नाही." मला हे कधी सुचलं नसतं. माणसांच्या यादीत मावशी सगळ्यात वर होती, मी नव्हतेच. जरा लागलं, खरं सांगते.

दोन आठवड्यांनी ती परतली. वर्गात कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे तिनेच ठरवलं होतं. बुडालेला गृहपाठ आम्ही सोडून दिला.

शाळेने मात्र आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण उरकून विषय मिटवलाय. युरोपातल्या 168 शाळांच्या 2015 च्या अभ्यासात आत्महत्येचे प्रयत्न कमी झाले ते थेट मुलांशी बोलणाऱ्या कार्यक्रमाने. नुसतं शिक्षकांना शिकवून तसा फरक दिसला नव्हता. म्हणून मी मुलांसाठी पाच तासिका मागितल्यात. "परीक्षा झाल्यावर बघू," असं उत्तर आलंय.