समाजआरती आणि आमच्या घरातले गाऱ्हाणे

अण्णा दरवर्षी ज्येष्ठात आळंदीला जात, म्हणजे नेमके पेरणीच्या तोंडावर. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि पाऊस काही तिथी पाहून पडत नाही, त्यामुळे ते परत येईपर्यंत पीक कोळपणीला आलेले असे. माळकऱ्याचे घर म्हणून गावात आम्हाला मान होता आणि त्या मानापायी आई एकटी तिफणीमागे चालत होती.

घरात अण्णांनी एक रीत पाडली होती. रात्री पाने वाढून झाली की ते विचारत, "कुणाचं काही गाऱ्हाणं?" ज्याचे असेल त्याने वाटी वाजवायची, बाकीच्यांनी गप्प राहायचे आणि निवाडा होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. धाकट्या भावाच्या फुटलेल्या पाटीचा खटला एकदा इतका लांबला की भाताची शिते कडक झाली. पण अण्णांनी त्याचे ऐकले, माझेही ऐकले, आणि मगच चित्राहुती घातली. मुलांच्या भांडणालाही पूर्ण वेळ द्यायचा असतो, हे मी तिथे शिकले.

अण्णा गेल्यानंतर आई म्हणाली, "त्यांच्या दिंडीतून एकदा चालून यायचंय." मी रजा काढली. आमची दिंडी रथामागची. दिवे घाटाच्या चढाची वर्णने पुष्कळांनी केली आहेत, त्यात मी भर घालत नाही. मला सांगायचे आहे ते वाल्ह्याच्या मुक्कामी पाहिलेल्या समाजआरतीविषयी. पालखी तळावर आली, दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहिल्या, हजारो टाळ एकाच वेळी वाजत होते. चोपदाराने चोप उंचावला आणि तो सगळा नाद जागच्या जागी थांबला. एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. ज्या दिंडीची तक्रार असते तिने टाळ थांबवायचे नसतात. मग चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, आणि ते झाल्यावरच हरवले-सापडल्याची निवेदने, उद्याच्या प्रस्थानाची वेळ आणि आरती होते. सोहळ्याची ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांच्या नावाने सांगितली जाते. शिंदे सरकारच्या पदरी राहिलेल्या या माणसाला गर्दी सांभाळणे ठाऊक होते. गर्दीतल्या एकालाही बोलता आले पाहिजे, हे त्या शिस्तीत गृहीत धरलेले दिसते.

आमच्या वाटीचा उगम असा समोर वाजत होता. आईला तो पूर्वीपासून माहीत होता. अण्णांनीच सांगितले होते म्हणे.

"मग तू कधी वाटी का नाही वाजवलीस?"

"मी वाटी घेऊन बसले असते, तर पानं कुणी वाढली असती?"

अण्णांच्या न्यायबुद्धीविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. पण पानावर बसलेल्यांनाच ते विचारत आणि वाढणारी त्या प्रश्नाच्या बाहेर राही, हेही तितकेच खरे आहे. वारीत बाया डोक्यावर तुळस घेऊन पुरुषांच्या बरोबरीने चालतात, लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. तरीही पहाटे पाण्यासाठी कोणाला किती चालावे लागते, याचा हिशेब निराळाच असतो.

लोणंदला टँकर आमच्या राहुट्यांपासून इतका लांब उभा होता की बायकांना अंधारात चिखल तुडवत जावे लागले. आई सरळ विणेकऱ्यांकडे गेली. ते भले गृहस्थ, पण "एवढ्याशा गोष्टीसाठी टाळ वाजवायचे का, माउली?" असे म्हणून घुटमळले. आई म्हणाली, "आमच्या घरी फुटक्या पाटीसाठी जेवण थांबायचं."

चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले, अश्व दौडले, लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. आईचे लक्ष मात्र संध्याकाळवर होते. तरडगावच्या तळावर चोप वर गेला, सगळे शांत झाले आणि आमचे टाळ वाजत राहिले. चोपदार आले. विणेकऱ्यांनी तक्रार मांडली, तीही बरीच सौम्य करून. तेव्हा आईने मागूनच, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि तिथं उजेडपण नव्हता" एवढी भर घातली.

फलटणला टँकर बायकांच्या राहुट्यांलगत होता आणि वर एक दिवाही टांगलेला होता. आईची पुढची तक्रार दिंडीच्या चहात साखर फार असल्याची होती. ती आचाऱ्यानेच ऐकून घेतल्यामुळे चोपदारांपर्यंत गेली नाही.