एमजीबीचे मागचे पाटे आणि तो एक बोल्ट
एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बदलणं म्हणजे एका दुपारचं काम असं जो सांगतो, त्याची गाडी इंग्लंडच्या थंडीतली नसणार. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि माझ्या १९७२ च्या रोडस्टरने ते पन्नास वर्षं पोटाखाली घेतलंय.

बॉडी स्टँडवर, डिफरन्शियलखाली जॅक, यू-बोल्ट, शॉकअपची लिंक, मागचं शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारा झुलता सांधा), सगळं निघालं. अडलं पाट्याच्या पुढच्या टोकाच्या बोल्टपाशी. नट मस्त सुटला म्हणून मी खूश, आणि बोल्ट बाहेर यायचं नावच घेईना. पाना लावला की थोडा फिरतो, सोडला की उलटा फिरून परत जागेवर, चक्क चिडवतो! कारण पाट्याच्या टोकाच्या गोल वळणात, म्हणजे डोळ्यात, रबरी बुश बसतो, त्याच्या आत लोखंडी नळी असते, बोल्ट त्या नळीला गंजाने धरून बसतो आणि नळीला रबर चिकटवलेलं, म्हणजे आपण नुसतं रबर पिळत बसतो. गंज सुटायचा स्प्रे मारा सांगतात सगळे, अरे पण तो नळीच्या आत पोचायला तर हवा. ठोकावं तर बोल्टचं टोक फुलतं, मग तर भोकातूनही जाणार नाही. तापवलं तर रबराचा काळाकुट्ट धूर, शेजारीण खिडकी आपटून लावते ते वेगळंच.

शेवटी कापला. पाट्याचा डोळा आणि तो ज्यात बसतो ती बॉडीची ब्रॅकेट यांच्या फटीत पातळ ब्लेड घालून दोन्ही बाजूंनी. डोळा कापला गेला तरी बिनधास्त, तो भंगारातच जाणार, ब्रॅकेटला मात्र ओरखडा नको, ती बॉडीला वेल्ड केलेली असते. आणि ग्राइंडर लावणार असाल तर आधी बॅटरी सोडवा, पेट्रोलचा पंप उजव्या चाकाच्या पुढेच असतो, ठिणग्या तिकडे उडतात. तुकडा खाली पडला तेव्हा मी एकटाच ओरडलो.

त्यामुळे नवे बोल्ट आधीच आणून ठेवा, बसवताना कॉपर ग्रीस चोपडा, पुढच्या माणसाचे हाल नकोत. पाने इंची लागतात, मेट्रिक सेट उपयोगाचा नाही. पुढचा बोल्ट फायनल टाइट गाडी चाकांवर उतरवल्यावरच करायचा, हवेत असताना केला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अरे हो, ऑर्डर देताना गाडीचं वर्ष सांगा, १९७४ च्या शेवटी रबर बंपर आले तेव्हा गाडीची उंची वाढवली, त्यांचे पाटे वेगळे.

नवे पाटे थोडे दिवस उंच राहतात, चालवून चालवून बसतात. सध्या माझी गाडी मागून माल उतरवलेल्या ट्रकसारखी दिसतेय, दिसू दे.