माघवारीला एकटीने : बेळगाव ते पंढरपूर

२०२५ सालची माघ शुद्ध एकादशी ८ फेब्रुवारीला आली होती. मी २४ जानेवारीला पहाटे बेळगावच्या शहापुरातल्या घरून निघाले आणि ७ तारखेला, दशमीच्या दुपारी पंढरपुरात पोहोचले. अंतर सुमारे २५० किलोमीटर, चालण्याचे दिवस १४ आणि मिरजेतला एक दिवस विश्रांतीचा. माझे वय ५४ असून शिवणकामाचे वर्ग चालवणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणजे दिवसाचे आठ तास बसून काढणाऱ्यांपैकी मी एक. आईबरोबर लहानपणी आणि पुढे दोनदा दिंडीतून मी चाललेली होते. एकटीने मात्र ही पहिलीच वेळ. ज्यांच्या मनात असेच काही आहे, त्यांच्यासाठी हा वृत्तांत लिहीत आहे आणि त्यात वाटेपेक्षा तयारीवर अधिक भर दिला आहे, कारण माझ्या चुका बहुतेक निघण्याआधीच झालेल्या होत्या.

दिंडीत आपण फक्त चालत असतो. पाणी कुठे, जेवण कुठे, मुक्काम कोणाच्या मळ्यात, आजारी पडल्यास काय, हे सारे चोपदार, विणेकरी आणि मागून येणारा सामानाचा ट्रक मिळून सांभाळतात आणि ते इतके मुकाट्याने चाललेले असते की आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. एकट्याने निघाले की ही सगळी कामे आपल्याकडे येतात, आणि चालून दमल्यावर ती सुचत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच उरकावी लागतात. मी रोज रात्री झोपण्यापूर्वी वहीत चारच गोष्टी लिहीत असे : उद्याचा मुक्काम, तो न मिळाल्यास दुसरा, वाटेत पाणी भरण्याची ठिकाणे, आणि चालणे अशक्य झाल्यास बस कोणत्या फाट्यावर मिळेल. एवढ्या लेखनाला दहा मिनिटे लागतात; ज्या एका रात्री मी कंटाळा केला, त्याचा दुसरा दिवस पुरा फसला.

माघवारीच का, असे पुष्कळांनी विचारले. आषाढीला आमच्याकडे पावसाची झड असते आणि एकट्या माणसाला ओले कपडे वाळवायला जागा मिळत नाही. कार्तिकीच्या आधी दिवाळी असल्याने शिवणाच्या ऑर्डरी संपत नाहीत. माघात रात्री गार, रस्ते कोरडे, शेतात शाळू उभा, आणि पंढरपुरात गर्दी असली तरी आषाढीइतकी नसते. शेजारच्या काकूंनी मात्र पौषात कशाला प्रस्थान ठेवतेस म्हणून निघेपर्यंत नाराजी दाखवली आणि तरीही अर्धा किलो कुंदा, ही आमच्या बेळगावची मिठाई, हातात ठेवला. तो मी काकतीपर्यंत वाहिला आणि तिथल्या एका चहाच्या टपरीवर वाटून टाकला.

वजनाविषयी सविस्तर सांगते. आपल्या वजनाच्या दहाव्या हिस्स्याहून अधिक ओझे पाठीवर नसावे, हा ढोबळ नियम मला ठाऊक होता आणि माझे वजन ५८ किलो आहे. निघण्याच्या आठ दिवस आधी मी भरलेली पिशवी गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. काटा ९ किलो २०० ग्रॅमवर थांबला. तिथेच पायरीवर बसून एकेक वस्तू काढली. दुसरी जाड चादर गेली, तिसरा पंजाबी ड्रेस गेला, स्टीलचा डबा गेला, औषधांच्या बाटल्यांऐवजी गोळ्यांच्या पट्ट्या आल्या. पितळी टाळांपाशी मात्र हात थांबला. ते आईचे होते, आणि टाळांशिवाय वारी म्हणजे काय, असे वाटत राहिले. शेवटी रद्दीवालाच म्हणाला, “बाई, घरी ठेवा, माझ्या काट्यापेक्षा तुमचा खांदा खरं सांगेल.” टाळ घरीच राहिले. पाण्याच्या दोन लिटरसह पिशवी ५ किलो ८०० ग्रॅमवर आली. या भाराने माझे खांदे कधी दुखले नाहीत.

जी पिशवी घेतली ती बाजारातली साधी सॅक होती, पण तिचे पट्टे मी उसवून आत फोमची पट्टी घालून पुन्हा शिवले, मागच्या बाजूस प्रकाश परावर्तित करणारी चंदेरी पट्टी लावली आणि पाठीकडच्या अस्तरात चेन असलेला चोरखिसा केला, ज्यात आधार कार्ड, जास्तीचे पैसे आणि घरचे फोन क्रमांक लिहिलेला कागद राहिला. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी हे काम शिंप्याकडून करून घ्यावे. एक सुती साडी जवळ असू द्यावी. दर्शनाला ती नेसता येतेच, शिवाय वाटेत तिचे अंथरूण, आडोसा आणि डोक्यावरची सावली असे तिन्ही होते.

बुटांच्या बाबतीत मी चूक केली. नेहमीच्या मापाचे नवे बूट मी केवळ दोन आठवडे आधी घेतले. लांब चालल्यावर पाऊल सुजते, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा आणि किमान शंभर किलोमीटर त्यात चालून मगच निघावे, हे मला संकेश्वरला कळले, तेही टाचेवर रुपयाएवढा फोड आल्यावर. फोडाची कातडी काढू नये. सुई उकळत्या पाण्यात धरून कडेला टोचावे, पाणी हलकेच दाबून काढावे, कातडी तशीच राहू द्यावी आणि वर कागदी चिकटपट्टी लावावी. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र हा उद्योग स्वतः न करता दवाखाना गाठावा. दुसऱ्या दिवसापासून मी निघण्यापूर्वी बोटांच्या मध्ये व टाचेला व्हॅसलीन चोळू लागले आणि दर दोन तासांनी मोजे बदलून काढलेला जोड पिशवीवर वाळत घालू लागले. त्यानंतर नवा फोड आला नाही.

सराव मी कार्तिकापासून सुरू केला. पहिला महिना रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पाच किलोमीटर, पुढे रविवारी येळ्ळूरमार्गे राजहंसगडावर जाऊन येणे, तेही शेवटच्या महिन्यात भरल्या पिशवीसह. माझ्या मते एका रविवारी वीस-पंचवीस किलोमीटर चालण्यापेक्षा सलग दोन दिवस पंधरा-पंधरा चालून पाहणे अधिक उपयोगाचे आहे, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना होते.

मार्ग असा : बेळगाव, काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, चिकोडी, अंकलीजवळ कृष्णा ओलांडून कागवाड, म्हैसाळ, मिरज, कवठेमहांकाळ, नागज, सांगोला, पंढरपूर. संकेश्वरपर्यंतचा भाग पुणे-बंगळूर महामार्गाचा आहे आणि तो चालणाऱ्याला काहीही देत नाही. जिथे सेवारस्ता आहे तिथे तो धरावा, आणि पहिले अडीच दिवस सोसायचेच आहेत असे मनाशी ठरवून टाकावे. चिकोडीकडे वळल्यावर रस्ता माणसात येतो. येडूरला वीरभद्राच्या देवळाशी कृष्णेच्या पाण्यात पाय सोडून मी तासभर बसले. मिरजेपुढे दुष्काळी मुलूख सुरू होतो असे ऐकून होते, पण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी पोहोचले आहे तिथे द्राक्षबागा दिसतात आणि माघात बागा काढणीला आलेल्या असल्याने बागाईतदार बोलावून घड हातात ठेवतात. नागज ते सांगोला हा टप्पा मात्र सावलीविना आहे. तिथे तीन लिटर पाणी घेऊन उजाडताच निघावे आणि अकराच्या आत थांबावे.

आता वाहनांविषयी. माघ म्हणजे ऐन गळिताचा हंगाम. संकेश्वर, चिकोडी, कागवाड या साऱ्या पट्ट्यात उसाने भरलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात, टेपचा आवाज मोठा, मागे दिवा बहुधा नाही, आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोके अंगाला घासून जातील इतकी जवळ. चालताना नेहमी उजव्या बाजूने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. सूर्यास्तानंतर हमरस्त्यावर एक पाऊलही टाकू नये. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी याच मार्गावर सांगोल्याजवळच्या जुनोनीपाशी कार्तिकीला निघालेल्या दिंडीत संध्याकाळच्या वेळी गाडी घुसून सात वारकरी गेले. ती तर दिंडी होती, पताका होत्या, माणसांचा घोळका होता. एकटी व्यक्ती अंधारात दिसतच नाही.

मुक्कामाची पद्धत मला हळूहळू उमगली. एका तालुक्याच्या गावी लॉजवर गेले असता व्यवस्थापकाने खोल्या रिकाम्या असूनही “एकट्या लेडीजला देत नाही” असे सांगून आधार कार्ड परत केले. वाद घालण्याचे त्राण नव्हते. बाहेर आल्यावर पानपट्टीवाल्याला विचारले, “इथे माळकरी कोण आहे?” त्याने बोटाने घर दाखवले. त्या घरच्या आजींनी माझ्या गळ्यातली माळ पाहिली, काहीही न विचारता तांब्याभर ऊन पाणी पायांवर घातले आणि मग नाव विचारले. त्या दिवसापासून मी लॉज शोधणे सोडले. सीमाभागात गाव मराठी असो की कानडी, विठोबाचे देऊळ किंवा भजनी मंडळ बहुतेक ठिकाणी असते आणि माळकऱ्याचे घर विचारले की रात्र निभावते. अट एवढीच की गावात चारच्या आत पोहोचावे, म्हणजे घरच्या बायकांना स्वयंपाकाचा अंदाज घेता येतो. दिवेलागणीनंतर दार वाजवणे त्यांच्यावर अन्याय आहे. निघताना पैसे कोणी घेत नाही. मी सुई-दोरा काढून कुणाच्या परकराचा नाडा, कुणाच्या उशीची शिवण दुरुस्त करून देत असे आणि तेवढ्याने दोन्ही बाजूंना बरे वाटे.

चिकोडीच्या अलीकडच्या खेड्यांत मराठी समजत असले तरी कानडीची दोन वाक्ये तोंडात असावीत : “कुडियाक नीरु कोड्री” म्हणजे प्यायला पाणी द्या, आणि “इराक जागा ऐतेन्री” म्हणजे राहायला जागा आहे का. आम्ही बेळगावकर ही वाक्ये रोज ऐकतो, पण कोल्हापूर-सांगलीकडून उलट दिशेने सौंदत्तीला चालत येणाऱ्यांनाही ती कामी येतील. बायकांसाठी आणखी एक : महामार्गावर पेट्रोलपंपांची स्वच्छतागृहे मिळतात, पण चिकोडीकडे वळल्यावर पंप विरळ होतात, म्हणून मुक्कामाच्या घरूनच सर्व उरकून निघावे आणि त्यासाठी पाणी कमी पिण्याची चूक करू नये. मी ती तिसऱ्या दिवशी केली आणि दुपारी घेरी येऊन वडाखाली बसून राहिले. ओआरएसची एक पुडी पोटात गेल्यावर उठले.

खाण्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांना तोड नाही. ज्वारीची कडक भाकरी आठ-दहा दिवस टिकते, वजन नगण्य, आणि चटणीत थोडे तेल कालवले की पोटभर होते. सोबत गूळ-शेंगदाणे. बिस्किटांवर दिवस काढू नयेत.

पंढरपुरात भक्तनिवासाची खोली आधी नोंदवली असल्यास उत्तम. मी नोंदवली नव्हती आणि आईच्या ओळखीच्या मठात ओसरीवर झोपले. एकादशीला पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहण्याइतके पाय उरले नव्हते, म्हणून मी मुखदर्शन घेतले, नामदेव पायरीला डोके टेकवले आणि द्वादशीला परतले. परतीसाठी पंढरपूर-मिरज आणि पुढे मिरज-बेळगाव अशी रेल्वे आहे. एसटीने आल्यास महाराष्ट्रात बायकांना निम्मे तिकीट पडते आणि कागवाडपासून पुढे कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये, आधारवर पत्ता कर्नाटकातला असेल तर, तिकीट शून्य रुपयांचे मिळते. मी रेल्वेनेच आले. बेळगाव स्थानकावर उतरून घरी जाण्यासाठी रिक्षा केली, आणि वाटेत रद्दीवाल्याच्या दुकानापाशी थांबून पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली : बुक्का, लाह्या आणि काकूंसाठी घेतलेल्या तुळशीच्या माळेसह ५ किलो १००.