तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्याजवळ चाकणच्या कंपन्यांत लागलेलं पोरगं परत का येतं?

आयटीआयला शिकवतो म्हणून लग्नात, स्टँडवर, कुठंही पालक भेटले की हाच प्रश्न. सर, चाकणला चांगलं लागलं होतं, सात महिन्यात घरी आलं, आजकालच्या पोरांना टिकायलाच नको का? तर एकदा नीट सांगतो.

बहुतेक पोरं सोडून आलेली नसतात हो, त्यांना ब्रेक दिलेला असतो, म्हणजे मुदत भरायच्या आत कामावरून थांबवलेलं असतं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात 240 दिवस भरले की सलग नोकरी धरली जायची, मग काढताना नोटीस द्या, भरपाई द्या. म्हणून ठेकेदार सात महिन्यांतच गेटपास काढून घ्यायचे आणि ती सवय अजून तशीच आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले, त्यात ठराविक मुदतीच्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, आहे, चांगलंच आहे ते, पण ज्याला वर्षच भरू देत नाहीत त्याच्या हातात काय पडणार?

अप्रेंटिसचं अजून वेगळं. 1961 चा कायदा अप्रेंटिसला कामगार मानतच नाही, तो शिकाऊ. 2019 च्या नियमांत आयटीआय पास पोराला महिन्याला किमान 7,000 ठरवले, त्यातलेही 1,500 पर्यंत सरकार देतं, आधी कंपनीला परत द्यायचं, 2023 पासून थेट पोराच्या खात्यात. आता या पैशात महाळुंगे नाहीतर खराबवाडीत पत्र्याची खोली, तिघांत भाडं, मेस, डिपॉझिट, आणि घरी पाठवायचे ते वेगळेच. ज्यांना ओटी, म्हणजे जादा तासांचे पैसे, मिळतो ते कसंबसं भागवतात. तेवढ्यात ब्रेक येतो, पुढचं काम मिळतं ते रांजणगावला, म्हणजे खोली सोडा, नवीन डिपॉझिट भरा, दोन महिने बसून खा. मग पोरगं बॅग उचलून घरीच येणार ना, यात चिकाटीचा प्रश्न कुठं आला?

मुलींचं मला जास्त लागतं. वर्कशॉपमध्ये हात चांगला असलेल्या मुली बघितल्यात मी, पण राहायची सुरक्षित सोय नाही म्हटल्यावर घरचे पाठवत नाहीत आणि त्यांनाही मी दोष देऊ शकत नाही. शिकत असताना सरकार थोडा तरी हात देतं, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना हॉस्टेल मिळालं नाही तर स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला 60,000 पर्यंत मिळतात. पण शिक्षण संपून पहिली नोकरी लागली की सगळं बंद, आणि खरी गरज तर त्या पहिल्या वर्षातच असते. 2024 च्या जुलैच्या केंद्राच्या बजेटमध्ये औद्योगिक कामगारांसाठी भाड्याची डॉर्मिटरीसारखी घरं बांधायचं बोलले होते, मला ते फार आवडलं होतं, ते एमआयडीसीच्या दारात झालं पाहिजे.

त्याच वर्षी आपल्याकडे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, कामावर प्रशिक्षण आणि महिन्याला बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीला 10,000. आधी सहा महिने होती, मग अकरा केली. गावात घरचं जेवण असेल तर हे पैसे पुरतात, शहरात नाही पुरत, म्हणून पोरं तालुक्यातच कुठल्यातरी ऑफिसात लागली, आणि मुदत संपल्यावर परत तिथंच उभी राहिली. पोरांना मदत मिळाली याचं मला वाईट वाटत नाही, पण प्रशिक्षणाच्या पुढं नोकरी नसेल तर ते वर्ष कुठं गेलं म्हणायचं?

म्हणून पोरगं निघायच्या आधी मी पगार नंतर विचारतो, आधी हे विचारतो. लेटरवर अप्रेंटिस लिहिलंय, ट्रेनी की ठराविक मुदत? कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीचा कामगार, की ठेकेदाराचा? किती महिने? पीएफ कापणार का? राहायचं कुठं? जॉइनिंग लेटर हातात आलं की फोटो पाठवत जा मला, मी वाचून सांगतो, त्यात संकोच कसला.