ओणवं झाड आणि तुटलेलं लीड

ग्राहकाची तक्रार एका ओळीची होती: पेन्सिलीला टोक काढलं की आतलं लीड तुकड्यातुकड्यांनी गळून पडतं. उंबरगावच्या आमच्या कारखान्यात अशा वेळी पहिला संशय लीडवरच जातो. ग्राफाइट आणि चिकणमातीची ती कांडी सुमारे १००० अंश सेल्सियसला भाजून, मग मेणात बुडवून काढलेली असते. भट्टीत कमी-जास्त झालं की ती ठिसूळ होते. पण त्या बॅचमधलं सुटं लीड तपासलं, तर ते मोडायला नेहमीइतकाच जोर लागत होता.

मग पेन्सिली सपाट काचेवर ठेवल्या. बऱ्याच पेन्सिलींच्या मधल्या भागाखालून उजेड दिसला. लाकडाच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावर पातळ सुरी घालून एक पेन्सिल उभी चिरली, तेव्हा आत लीडचे १०-१५ मिलीमीटरचे तुकडे निघाले. भेगा सगळ्या आडव्या आणि मधोमध जास्त. म्हणजे पेन्सिल हातातून पडून लीड मोडलं नव्हतं, लाकूड वाकलं आणि त्यानं ते मोडलं होतं.

खरी गोष्ट लाकडात लीड बसतं त्या खाचेत दिसली. खाच गुळगुळीत हवी. भिंगाखाली तिच्यात बारीक तंतूंची लव उभी होती, आणि ग्लू त्या लवेवरच सुकला होता. लीडला त्यानं धरलंच नव्हतं.

पॉपलरच्या लाकडाचा हा जुना दोष. झाड ओणवं वाढलं की खोडाच्या वरच्या बाजूला वेगळ्या घडणीचं, ताणाखालचं लाकूड तयार होतं. करवतीखाली ते स्वच्छ कापलं जात नाही, पिंजतं. शिवाय साधं लाकूड सुकताना लांबीत हजारात एक-दोन भाग आकसतं, हे मात्र त्याच्या कित्येक पट. सुमारे १८५ मिलीमीटर लांब आणि ५ मिलीमीटर जाड स्लॅटला, म्हणजे पेन्सिलीसाठी कापलेल्या लाकडी पट्टीला, एवढा फरक धनुष्यासारखा वाकवायला पुरतो. हे आधी कळत का नाही? दोन स्लॅटमध्ये लीड घालून गठ्ठा दाबात धरलेला असतो, तेव्हा सगळं सरळच दिसतं. कटरनं त्या जोडीतून नऊ पेन्सिली सुट्या केल्या की प्रत्येक पेन्सिल आपापल्या ताणानं वाकते.

स्लॅटच्या बंडलवर आरागिरणीची खूण आणि लॉट असतो. हा माल पुलवामाचा. देशाला लागणाऱ्या स्लॅटपैकी जवळजवळ ९० टक्के काश्मीर खोऱ्यातून येतात, असं २०२० मध्ये 'मन की बात'मध्येही सांगितलं गेलं होतं. फोन लावला. गिरणीच्या मालकांनी लॉट ऐकताच सांगितलं की ही झाडं नाल्याच्या काठची, पाण्याकडे झुकलेली. अंगणात त्यातले काही ओंडके अजून पडले होते. त्यांनी जाऊन पाहिलं, तर कापलेल्या तोंडावर गाभा मधोमध नव्हता, एका कडेला सरकलेला होता; ओणव्या झाडाची ही खूण. दुपारपर्यंत फोटो आले.

देशी उत्पादनाचं मोल विचारणाऱ्याला मी हीच दुपार दाखवीन. स्लॅट परदेशातून कंटेनर भरून आल्या असत्या, तर दहा ठिकाणचं लाकूड एकत्र झालेलं असतं, आणि झाड कुठं उभं होतं हे सांगणारा माणूसच भेटला नसता. मग बॅच फेकायची आणि पुढच्या कंटेनरची वाट बघायची, एवढंच हातात उरतं. इथे दोष सापडला त्याच दिवशी त्याच्या मुळापर्यंत पोचता आलं, आणि पुलवामातल्या माणसाचा धंदाही बुडाला नाही. पॉपलरच्या फळ्यांच्या तिथे सफरचंदाच्या पेट्या होतात आणि पेटीला थोडा बाक चालतो. गाभा सरकलेले ओंडके आता गिरणीतूनच तिकडे वळतात.

आमच्याकडे खाचा पाडल्यावर प्रत्येक बंडलमधल्या काही स्लॅट काढून खाचेवरून अंगठ्याचं नख फिरवतात. लव लागली की ते बंडल ग्लूच्या मशीनकडे जात नाही.